चाकामागचा दगड

१

शुक्रवारी दुपारी चार वाजता अंबरीननं कोल्ड रूमचं दार उघडलं, आणि थंड हवेऐवजी कोंबडीचा उबट वास तिच्या तोंडावर आला.

मस्कतच्या अल खौद भागातल्या त्या कॅटरिंग किचनचं रात्रीचं जवळजवळ सगळं सामान त्या खोलीत होतं. युनिव्हर्सिटीच्या पोरांचे डबे सात वाजता निघायचे. बाहेर जून महिना होता, २०१४ सालातला, आणि सावलीतही पत्रा हात लावून घेत नव्हता.

कारण मागच्या आवारात सापडलं. भिंतीलगतचं कूलिंगचं युनिट समोरून चेपलं होतं, तांब्याची नळी तुटली होती, गॅस कधीच उडून गेला होता. त्याच्यापासून दीड हातावर कंपनीची पांढरी पिकअप उभी होती. तिचा पुढचा बंपर वाकला होता.

पिकअप चालवणारी प्रेमा साळवी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. फोन आला तशी ती चालतच आली. मॅनेजर कौशिक दामले तिच्या आधी पोचला होता आणि त्याच्या हातात कागदही होता.

"प्रेमाबाई, सकाळी अकराला गाडी तुम्हीच लावलीत ना?"

"मीच लावली."

"नंतर कुणी चालवली?"

"माझ्या माहितीत कुणी नाही."

"मग प्रश्नच मिटला." त्यानं पिकअपचं दार उघडून धरलं. "गिअर न्यूट्रलमध्ये. हँडब्रेकचा पत्ता नाही. आणि सीट बघा. पार पुढे ओढलेली, वर तुमची ती उशी. दुसरं कुणी बसलं असतं तर सीट मागे सरकली असती की नाही?"

प्रेमा पाच फूटसुद्धा नव्हती. तिच्या मापाच्या सीटवर दुसऱ्या कुणाचे गुडघे मावले नसते, हे खरंच होतं.

कौशिकनं कागद पुढे केला. मजकूर टाइप करून तयार होता. गाडी मी न्यूट्रलमध्ये सोडली, हँडब्रेक ओढला नाही, त्यामुळे ती घरंगळून युनिटवर आदळली. खाली सहीसाठी रेघ.

"सहा वाजता अर्बाब बरक्याहून येतायत. सही केलीत तर चपातीच्या टेबलावर परत जाल. नाही केलीत तर पुढचं त्यांच्या हातात. परतीचं तिकीटसुद्धा त्यांच्याच हातात." अर्बाब म्हणजे कंपनीचे ओमानी मालक.

"आणि गाडी?"

"गाडी विसरा. नवी ऑटोमॅटिक घेऊ. मी पहिल्यापासून सांगत होतो. माणसाला देवानं पाय दिले दोन, त्या गाडीला पेडलं तीन. मी आयुष्यात गिअरच्या गाडीला हात लावला नाही, आणि माझं काही अडलं नाही."

प्रेमानं कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला.

"सहा वाजायला पावणेदोन तास आहेत ना? मग सहाला बोलू."

२

लांज्याहून ती मस्कतला आली तेव्हा हातात लाटणं होतं. तीन वर्षं तिनं चपात्या लाटल्या. मग गिअरच्या गाडीचं लायसन काढायचं ठरवलं, तेव्हा सगळं किचन हसलं होतं. बायका ऑटोमॅटिकचं काढतात, सोपं पडतं. तिला सोपं नको होतं, कारण पिकअप गिअरची होती आणि पिकअपवर जाणाऱ्याला दिवसभर तव्यासमोर उभं राहावं लागत नव्हतं. चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे काढायच्या परीक्षेत ती तीनदा नापास झाली. तिन्ही वेळा गाडी मागे सरकली. चौथ्यांदा सरकली नाही. तेव्हापासून जमिनीचा उतार तिला डोळ्यांच्या आधी पायाला कळायचा.

आवार दिसायला सपाट होतं. तिनं नळाखालची बादली भरली आणि युनिटच्या पायथ्याशी ओतली.

पाणी क्षणभर तिथेच घोटाळलं. मग त्याची जीभ निघाली, पिकअपच्या पोटाखालून गेली, मागच्या चाकांपाशी पोचली आणि फाटकाकडे चालू लागली.

म्हणजे उतार भिंतीकडून फाटकाकडे होता. पिकअपचं नाक होतं भिंतीकडे. गाडी सुटून घरंगळली असती, तर ती युनिटपासून लांब गेली असती.

आणि तीही गेली नसती. मागच्या डाव्या चाकाला टेकून दगड होता. हा दगड प्रेमाचा. या पिकअपचा हँडब्रेक नावापुरता होता. तिनं दोनदा तक्रार लिहून दिली होती, दोन्ही वेळा कौशिकनं "बघू" म्हटलं होतं. म्हणून ती गाडी पहिल्या गिअरमध्ये सोडायची आणि चाकामागे दगड लावायची. ही रीत किचनची व्हॅन चालवणाऱ्या सादिकभाईंची. हर्णैच्या बंदरात, उतरत्या धक्क्यावर टेम्पो लावता लावता त्यांचं तारुण्य गेलं होतं. "ब्रेक कंपनी देते, दगड आपन लावायचा," असं ते सांगायचे.

मागे दगड, पुढे चढ. तरी गाडी दीड हात पुढे गेली, आदळली, आणि आता पुन्हा दगडाला टेकून आपल्या जागी उभी होती.

परतीचं कोडं सोपं होतं. आदळल्यावर कुणीतरी दांडी पहिल्या गिअरमधून न्यूट्रलमध्ये ओढली होती. मग गाडी आपोआप मागे येऊन दगडावर थांबली. पण पुढे गेली कशी? चढावर गाडी इंजिनाशिवाय जात नाही. इंजिन चालवायला माणूस हवा. माणसाला बसायला सीट हवी. सीट तर तिच्याच मापाची होती.

तिनं मागच्या हौद्यात डोकावलं. तिथे दोन जुनी ब्लँकेटं होती आणि दोरखंडाचं भेंडोळं. अकरा वाजता तिनं हौदा धुऊन रिकामा सोडला होता.

३

शुक्रवारी दुपारी नमाजासाठी किचन बंद असायचं, आणि आवाराच्या फाटकाच्या किल्ल्या तीन जणांकडे होत्या. कौशिक, किचनचा सुपरवायझर ताबिश आणि ऑफिसातली अंबरीन. पिकअपची किल्ली ऑफिसात खिळ्याला असायची. आत आलेला कुणीही ती घेऊ शकत होता.

ताबिश मुकादम बटाट्यांच्या गोणीवर बसून फोनवर ओरडत होता. कोंबडी गेली, आता डाळ-भात-बटाटा.

"ताई, मला नको विचारू. मी जुम्म्याच्या नमाजला होतो, मग बिर्याणी, मग झोप. तुझ्या त्या खटाऱ्याला मी कशाला हात लावू? माझं लायसन ऑटोमॅटिक. डी टाकला की दुबई."

"दुपारी इकडे आलास?"

"दीडला आलो होतो, चार्जर विसरलो होतो. दोन मिनिटं. आवारात गेलो नाही." तो थांबला. "सही करून टाक ना. चपातीच्या टेबलाला एसी तरी आहे."

"तुला लाटणं देऊ का?"

ताबिश हसला, पण डोळे खाली घालून.

सादिक परकार व्हॅन पुसत होते. पासष्टीला आलेले, दाढी पांढरी, अंगावर अजून जुम्म्याचा धुतलेला कुर्ता. तिनं त्यांना हौद्यातलं भेंडोळं दाखवलं. दोराच्या टोकाला मासेमारीच्या जाळ्याला मारतात तशी गाठ होती.

"सादिकभाई, ही गाठ हर्णैची."

म्हाताऱ्याचा हात व्हॅनच्या काचेवर थांबला.

"दोर माझाच हाय. कुनी मागितला, मी दिला."

"कुणी?"

"अगो प्रेमा, माझा विजा रिन्यूवलला गेलाय. कागद कुनाच्या टेबलात हायत ते तुला ठाऊक. घरी दोन पोरींची लग्नं व्हायचीत." त्यांनी फडकं पिळलं. "मी गाडी नाय चालवली. कुरानावर हात ठेवून सांगतो. पुढचं नको विचारू."

तेवढ्यात रुस्ताकहून एकनाथचा फोन आला. तिचा नवरा तिथल्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, इलेक्ट्रिकच्या दुकानात होता. शुक्रवारी संध्याकाळी त्याच्याकडे गिऱ्हाइकांची गर्दी असायची. बातमी मात्र तिथवर पोचली होती.

"प्रेमा, तू केलंस का?"

"नाही."

"मग... तरी पण सही कर गं. परक्या मुलखात वाकडं घेऊन काय मिळणार? गाडीच गेली ना, नोकरी तर राहील."

"चार वेळा परीक्षा दिली तेव्हा तू दर वेळी रुस्ताकहून आलास. कशाला आलास?"

पलीकडे कुणीतरी बल्ब मागत होतं. एकनाथनं गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. "नको करूस सही."

पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

४

अंबरीन ऑफिसात नव्या सामानाच्या याद्या करत होती. पंचविशीची पोरगी, मस्कतमध्येच वाढलेली. तिचं मराठी इंग्रजीच्या काठाकाठानं चालायचं.

"ताई, आय स्वेअर, मी चारलाच आले. आणि मला गिअर... मला नाही येत. एकदा ट्राय केलं होतं, अब्बू इतके ओरडले."

"दुपारी कुठे होतीस?"

"घरी. अम्मी आहे विटनेस." तिनं घड्याळाकडे पाहिलं. "मला सबस्टेशनच्या बाजूच्या दुकानातून पनीर आणायचंय. एक मिनिट हां, गाडी थंड करायला लावते."

ती किल्ली घेऊन बाहेर गेली. प्रेमा खिडकीतून बघत होती. अंबरीननं आपल्या छोट्या गाडीचं दार उघडलं. आतून भट्टीची झळ आली असावी, कारण तिनं तोंड फिरवलं. मग बाहेरच उभं राहून ती कमरेतून वाकली, हात आत घातला, किल्ली फिरवली, दार लोटलं आणि परत आली. रिकामी गाडी उन्हात घरघरत राहिली.

"पाच मिनिटांत बसण्यासारखी होईल," अंबरीन म्हणाली.

इथे उन्हाळ्यात सगळेच असं करायचे. ताबिश करायचा. कौशिक रोज संध्याकाळी करायचा आणि गाडी थंड होईपर्यंत चहा प्यायचा. ऑटोमॅटिक गाडी पार्किंगमध्ये असते, तिला बाहेरून जागं केलं तरी ती जागची हलत नाही. सादिकभाई मात्र कधी करत नसत. किल्लीला हात लावण्याआधी क्लच दाबायची त्यांना सवय होती, आणि क्लच दाबायला आत बसावं लागतं.

"ताई? काय झालं?"

प्रेमा उभी राहिली होती.

"अंबरीन, त्या सीटवर कुणी बसलंच नव्हतं गं."

५

पहिल्या गिअरमध्ये उभ्या गाडीची किल्ली क्लच न दाबता फिरवली, की स्टार्टरच गाडीला पुढे ढकलतो. ती बेडकासारखी उडी मारते. एवढं कळलं, पण माणूस कळला नव्हता. अंबरीन, ताबिश, कौशिक, तिघंही ऑटोमॅटिकवाले. ही चूक तिघांपैकी कुणाच्याही हातून झाली असती.

प्रेमानं यावर दोन मिनिटं विचार केला. मग, कौशिक आत फोनवर आहे असं बघून, पिकअप सुरू करून ती आवाराच्या मोकळ्या बाजूला, भिंतीपासून लांब लावली. पहिला गिअर टाकला. एक दगड मागच्या चाकाला लावला, दुसरा पुढच्या चाकापुढे एक वीत अंतर सोडून ठेवला.

"काय करतेस गो?" सादिकभाईंनी विचारलं.

"उंदीर पकडतेय. तुम्ही फक्त बघा."

तिनं आधी ताबिशला हाक मारली. "पिकअपचा एसी लाव रे जरा. मी पातेली काढते, मग निघायचंय."

ताबिशनं दार उघडलं, बाहेरूनच हात आत घातला आणि किल्ली फिरवली. पिकअपनं गचकन उडी घेतली, दगडावर आपटली आणि गप झाली. ताबिश चार पावलं मागे पळाला.

"या अल्ला! ही गाडी आहे का बकरी?"

"गप्प बस आणि आत जा. कुणाशी बोललास तर बघ."

गाडी पुन्हा जागेवर आली. पनीर घेऊन परतलेल्या अंबरीनला प्रेमानं तेच सांगितलं. तिनंही तेच केलं. पुन्हा उडी. अंबरीनची किंकाळी किचनच्या पंख्यांच्या आवाजात बुडाली.

सादिकभाई दाढी खाजवत जवळ आले. "दोगांनीबी तेच केलं. मग काय कळलं तुला? दोगंबी चोर?"

"उलट. दोघंही सुटली." प्रेमानं गाडी पुन्हा मागे घेतली आणि पहिल्या गिअरमध्ये टाकली. "सादिकभाई, काल गुरुवारी दामलेसाहेबांनी पेढे वाटले. कशाचे?"

"नव्या फ्लॅटचे."

"जड सामान हलवायला ब्लँकेटं लागतात ना? आणि दोर?"

फाटकात गाडीचा हॉर्न वाजला. सहाला दहा मिनिटं कमी होती, आणि अर्बाब वेळेआधी आले होते. प्रेमानं आत जाऊन चपातीच्या टेबलावरच्या पिठात हात बुडवले.

६

अर्बाब धिप्पाड, मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी चेपलेलं युनिट पाहिलं, वाकलेला बंपर पाहिला, आणि हिंदीत एकच विचारलं, "कौन किया?"

"अर्बाब, मैंने रिपोर्ट बनाया है," कौशिक म्हणाला. "प्रेमाबाई, कागद?"

प्रेमानं कमरेचा कागद काढून उलगडला. "सही करते, साहेब. पण अर्बाबना एकदा आत बसून हँडब्रेक बघू दे. किती कामाचा आहे ते त्यांनाही कळेल. गाडी तापलीय, तेवढा एसी लावा ना. माझे हात पिठाचे आहेत."

कौशिकनं तिच्याकडे पाहिलं, अर्बाबांकडे पाहिलं. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. त्यानं दार उघडलं आणि बाहेरूनच आत वाकला. पण त्याचा हात किल्लीकडे गेला नाही. तो आणखी वाकला, थेट मधल्या दांडीपर्यंत. त्यानं दांडी गिअरमधून ओढून काढली, डावी-उजवीकडे हलवून मोकळी असल्याची खात्री केली. मग किल्ली फिरवली. इंजिन शहाण्यासारखं सुरू झालं. गाडी तसूभर हलली नाही.

"साहेब," प्रेमा म्हणाली, "दांडी का हलवलीत?"

"म्हणजे?"

"गिअरच्या गाडीला तुम्ही आयुष्यात हात लावला नाही. आजच दुपारी म्हणालात. मग आधी दांडी मोकळी करायची, हे कुणी शिकवलं?"

"हे कुणालाही सुचेल."

"ताबिशला सुचलं नाही. अंबरीनला सुचलं नाही. आत्ता तासाभरात दोघांनी गाडीला उडी मारायला लावली. विचारा." दोघंही किचनच्या दारात येऊन उभी होती. ताबिशनं मान हलवली. "ऑटोमॅटिकवाल्याला हे सुचत नाही, साहेब. त्याला एकदा चटका बसावा लागतो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो."

कौशिक हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. "हा काय पुरावा झाला? मी गाडी न्यूट्रलमध्ये घातली, सावधगिरी म्हणून."

"हा पुरावा." तिनं कागद वर धरला. "तुमच्याच कागदावर लिहिलंय, प्रेमा गाडी न्यूट्रलमध्ये सोडते. न्यूट्रलमधली गाडी न्यूट्रलमध्ये कशाला घालायची? मी ती पहिल्या गिअरमध्ये सोडते, हे तुम्हाला ठाऊक होतं. आज दुपारपासून ठाऊक होतं."

अर्बाबना मराठी येत नव्हतं. अंबरीन त्यांना हलक्या आवाजात अरबीतून सांगत होती. आता तिचं अडखळणं पार गेलं होतं.

प्रेमानं बादली उचलली आणि युनिटच्या पायथ्याशी पुन्हा ओतली. सगळ्यांच्या नजरा पाण्यामागोमाग फाटकाकडे गेल्या. अर्बाब पाण्याच्या वाटेवरून बाजूला सरकले, आणि आपल्या ओल्या चपलेकडे बघत राहिले.

"गाडी वरच्या बाजूला घरंगळत नाही," प्रेमा म्हणाली. "तुम्ही दुपारी आलात. फ्लॅटचं सामान न्यायचं होतं. ब्लँकेटं टाकलीत, दोर टाकला. चालवायला दुसरा येणार होता, तोपर्यंत एसी लावावा म्हणून बाहेरून किल्ली फिरवलीत. म्हणून सीट माझ्याच मापाची राहिली."

"मी बरक्याला होतो! मासळी बाजारात! दुसरा कोण येणार होता? नाव सांग!"

प्रेमानं मागे वळून पाहिलं नाही. नाव तिला माहीत होतं, पण ते तिनं घ्यायचं नव्हतं.

"मी."

सादिक परकार पुढे आले. हातातलं फडकं त्यांनी व्हॅनच्या बॉनेटवर ठेवलं, आणि मालकाकडे बघत हिंदीतच बोलले. "अर्बाब, इसने मेरेकू बुलाया. जुम्मे के बाद, सव्वा बजे, सोफा लेके जाने का. फिर एक बजके दस मिनिट को फोन आया, आज नहीं, खलास, घर जाओ. मैं फाटक के बाहरीच था. अंदर से धडाम आवाज आया था, उसके बाद फोन आया." त्यांनी खिशातला मोबाइल काढून पुढे केला. "टाइम इसमें है. मेरा विजा का कागद इसके टेबल में है, इसलिए चुप था. अब जो होना है, होने दो."

अर्बाबांनी मोबाइल घेतला नाही. ते कौशिककडे बघत होते. कौशिक जमिनीकडे. पाण्याची धार त्याच्या बुटांना वळसा घालून चालली होती.

"एसीच लावत होतो," तो शेवटी म्हणाला. "एवढंच करत होतो."

"तेवढंच सांगायचं होतं, साहेब," प्रेमा म्हणाली. "चूक कुणाचीही झाली असती. कागद टाइप करायला मात्र वेळ लागतो."

तिनं तो कागद पिकअपच्या बॉनेटवर पसरला, हाताच्या पिठानं त्याच्यावर बोटं उमटली. खिशातून पेन काढून तिनं आपल्या नावावर रेघ मारली.

"मजकूर खरा लिहा, नाव तुमचं घाला. सहीची रेघ आहेच."

कौशिकनं अर्बाबांकडे पाहिलं. अर्बाबांनी हनुवटीनं पेन दाखवलं. तो लिहीत असताना ते सादिकभाईंना म्हणाले, "विजा का पेपर कल सुबह मेरे पास. तुम खुद लेके आओ." मग प्रेमाकडे वळले.

"तुम्हारे लिए नया गाडी लेगा. ऑटोमॅटिक. आराम."

"आराम नको, अर्बाब. यही गाडी रखो." तिनं इंजिन बंद केलं, गाडी पुन्हा पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि खाली उतरली. "हँडब्रेक ठीक करा दो. दो बार लिखके दिया है."

अर्बाब पहिल्यांदाच हसले. "इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नहीं, अर्बाब. कल."

सातला पाच कमी असताना डाळ-भाताची पातेली हौद्यात चढली. ब्लँकेटं तिथेच पडली होती, तीच पातेल्यांखाली घातली. प्रेमा उशीवर बसली. क्लच दाबला, दांडी हलवली, किल्ली फिरवली. सादिकभाईंनी पुढचा दगड बाजूला सारला, चाकामागचा दगड काढून तिच्या पायाशी ठेवला, आणि ताबिशनं फाटक उघडलं.